प्रकल्प नोंदी: तुर्भे गोदामातली ऑर्डर मॅनेजमेंट सिस्टीम, जुलै ते नोव्हेंबर २०२५

१४ जुलै २०२५, सोमवार

तुर्भे एमआयडीसीतले गोदाम. माल सुका मेवा, मसाले, फराळाचे पदार्थ आणि भेटीचे डबे. सुका मेवा व खडे मसाला वाशीच्या एपीएमसी मार्केटातून येतो, फराळ ठाण्यातल्या बचत गटांकडून. विक्रीच्या वाटा चार: स्वतःची वेबसाइट, दोन मार्केटप्लेस आणि व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सोसायट्यांच्या व कंपन्यांच्या ऑर्डरी.

आजची अवस्था अशी की साठ्याचा आकडा चार ठिकाणी लिहिला जातो. वेबसाइटच्या पॅनेलमध्ये एक, प्रत्येक मार्केटप्लेसवर एकेक आणि चौथा गोदामाच्या एक्सेलमध्ये. दिवसातून दोनदा कोणीतरी एक्सेल बघून बाकीचे तीन आकडे हाताने बदलतो. दिवसाला ८०-१०० ऑर्डरी होत्या तोवर हे निभावले. आता साडेपाचशेच्या आसपास आहेत. सकाळी ११ला टाकलेला आकडा दुपारी १ला खोटा ठरतो, मग नसलेला माल विकला जातो, ऑर्डर रद्द करावी लागते आणि मार्केटप्लेसवर विक्रेत्याचे रेटिंग घसरते.

सिस्टीम कोणती घ्यायची यावर बरीच चर्चा झाली, पण त्याआधी एक गोष्ट ठरवली: साठ्याची खतावणी एकच राहील. आवक, जावक, राखीव, खराब, परत आलेला, प्रत्येक बदल तिथेच नोंदला जाईल. बाकी सगळीकडे तो आकडा फक्त वाचला जाईल, कोणी लिहिणार नाही. पुढची सगळी कामे यावर उभी आहेत.

१६ जुलै, बुधवार

मालाची मूळ यादी साफ करायला घेतली. एकाच पोहे चिवड्याच्या २५० ग्रॅम पाकिटाला चार ठिकाणी तीन वेगळे कोड निघाले. एक कोड दोनदा दिसत होता, कारण एका नोंदीत शेवटी रिकामी जागा टाइप झालेली. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वस्तू.

सर्वात मोठे नुकसान बारकोडच्या रकान्यात. पाकिटावरचा १३ अंकी बारकोड (भारतात नोंदवलेला असेल तर ८९०ने सुरू होणारा) एक्सेलने संख्या समजून ८.९०ई+१२ असा दाखवला. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन केली की मागचे अंक कायमचे जातात, रकाना नंतर मोठा करून परत येत नाहीत. शून्याने सुरू होणाऱ्या जुन्या कोडांचे पहिले शून्यही असेच गळले. उपाय: सीएसव्ही दुहेरी क्लिकने उघडायची नाही, डेटा इम्पोर्टमधून घ्यायची आणि कोड, बारकोड, पिनकोड, फोन हे रकाने आधीच टेक्स्ट करून ठेवायचे. बिघडलेले बारकोड पाकिटे हातात घेऊन स्कॅनरने पुन्हा भरले. अंदाजाने एकही भरला नाही.

प्रत्येक वस्तूपुढे सक्तीचे रकाने: एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा वर्गक्रमांक), जीएसटी दर, एमआरपी, भरलेल्या पाकिटाचे एकूण वजन (निव्वळ नव्हे), लांबी-रुंदी-उंची, टिकण्याचे दिवस. यातला एकही रिकामा असेल तर ती वस्तू विक्रीला चढणार नाही.

२१ जुलै, सोमवार

रॅकना पत्ते दिले. पाच अंक: पहिले दोन रॅक, तिसरा थर, शेवटचे दोन खण. ०३२०४ म्हणजे तिसरे रॅक, दुसरा थर, चौथा खण. कोड १२८ प्रकारच्या बारकोडमध्ये देवनागरी अक्षर बसत नाही म्हणून पत्ता निव्वळ आकड्यांचा ठेवला. खाली मोठ्या अक्षरांत ‘मसाला रॅक, वरून दुसरा’ असे मराठीत छापले, ते माणसांसाठी.

लेबलची रुंदी मोजून काढली. प्रिंटर २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके), म्हणजे मिलिमीटरला ८ ठिपके. सर्वात बारीक रेघ दोन ठिपक्यांची, ०.२५ मिमी, हेच एक एकक. १४ अंकी कुरिअर क्रमांक जोडी-जोडीने बसतो, ७ जोड्या. सुरुवात, पडताळा आणि शेवट धरून ११२ एकके, म्हणजे २८ मिमी. दोन्ही बाजूंना १०-१० एककांची कोरी जागा लागते, ती ५ मिमी. एकूण ३३ मिमी. एका कुरिअरच्या लेबल नमुन्यात ही कोरी जागा चौकटीच्या रेघेने खाल्ली होती, म्हणूनच ते लेबल पाच वेळा दाखवल्यावर एकदा वाचले जाई. चौकट काढली, पहिल्या दाखवणीत वाचू लागले.

लोणच्याच्या लहान बरण्यांवरचा बारकोड गोलाईवर आडवा लावलेला, कडेच्या रेघा मागे वळतात. शिडीच्या पायऱ्यांसारखा उभा फिरवून लावला की प्रत्येक रेघ पूर्ण समोर येते. बचत गटांना नवीन स्टिकर तसेच पाठवायचे.

२४ जुलै, गुरुवार

रात्री ८ ते २ पूर्ण मोजणी. आवक-जावक बंद ठेवून. दोन माणसे स्वतंत्र मोजतात, आकडे जुळले तरच नोंद. मोजणाऱ्याला जुना आकडा दाखवला नाही. तो दिसला की हात आपोआप तिथेच येऊन थांबतो.

२९ जुलै, मंगळवार

विक्रीला दाखवायचा आकडा असा:

हातातला माल, वजा ऑर्डरींसाठी राखलेला, वजा तपासणीत अडकलेला, वजा सुरक्षित साठा.

राखणे ही पायरी जुन्या पद्धतीत नव्हतीच. तिथे माल पॅक झाल्यावर वजा होई. ऑर्डर आल्यापासून पॅक होईपर्यंतच्या चार-पाच तासांत तोच नग आणखी कोणाला विकला जाई. आता ऑर्डर पक्की होताक्षणी नग राखला जातो.

इथे एक बारीक मेख आहे. ‘शिल्लक बघ, असेल तर राख’ असे दोन टप्पे केले की दोन ऑर्डरी एकाच क्षणी ‘एक शिल्लक’ वाचतात आणि दोघीही राखतात. बघणे व राखणे ही डेटाबेसमध्ये एकच अखंड क्रिया हवी: शिल्लक एक किंवा जास्त असेल तरच राखीव एकने वाढव, नसेल तर नकार दे. चाचणी: एका वस्तूचे ५० नग ठेवून एकदम २०० मागण्या सोडल्या. नेमक्या ५० मंजूर आणि १५० नाकारल्या गेल्या पाहिजेत. पहिल्या मांडणीत ५३ मंजूर झाल्या, दुरुस्तीनंतर दहाही वेळा ५०.

सुरक्षित साठा सरसकट ५ ठेवायचा आग्रह होता, तो मोडून काढला. त्याचे माप असे असावे: आकडा दुसऱ्या चॅनलवर (विक्रीच्या वाटेवर) पोचायला लागणारा वेळ, गुणिले त्या वेळेतली गर्दीची विक्री. काजू ५०० ग्रॅम गर्दीच्या तासाला २४ जातात आणि एका मार्केटप्लेसवर आकडा दर १५ मिनिटांनी जातो, तर ६ नग मागे ठेवावे लागतील. आठवड्याला दोन नग जाणाऱ्या दगडफुलाला शून्य पुरे. तिथे ५ ठेवले तर शेवटचे ५ नग कधीच विकले जाणार नाहीत, मुदत संपून बाहेर पडतील.

४ ऑगस्ट, सोमवार

चारही वाटांच्या ऑर्डरी आता एका रांगेत येतात. वेबसाइट व पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) वेबहुकने, म्हणजे काही घडताच आपोआप येणाऱ्या निरोपाने, कळवतात. पोच मिळाली नाही की तोच निरोप पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच ऑर्डर दोनदा येणे ही चूक नसून नेहमीची गोष्ट आहे असे धरूनच मांडणी हवी. चॅनलचे नाव अधिक चॅनलचा ऑर्डर क्रमांक ही जोडी डेटाबेसमध्ये एकदाच बसेल अशी अट घातली. दुसरा निरोप नोंदवून बाजूला ठेवला जातो.

निरोप क्रमानेच येतील असेही नाही. ‘रद्द’ आधी आणि ‘नवीन ऑर्डर’ नंतर आली. अनोळखी ऑर्डरचा ‘रद्द’ फेकून दिला तर मागून आलेली ऑर्डर पॅक होऊन निघून जाते. म्हणून तो जपून ठेवायचा, ऑर्डर आली की जोडायचा.

वेबहुक हरवलाच तर? दर १५ मिनिटांनी प्रत्येक चॅनलला मागच्या दोन तासांतल्या बदललेल्या ऑर्डरी विचारायच्या. एकच ऑर्डर आठ वेळा दिसेल. वरच्या अटीमुळे त्याने बिघडत काही नाही.

यूपीआयचे पैसे अडकतात तेव्हा: ऑर्डर ‘पैसे प्रलंबित’, नग २० मिनिटे राखीव, मग मोकळा. चाळिसाव्या मिनिटाला पैसे आल्याचा निरोप आला तर माल असल्यास पुन्हा राखायचा, नसल्यास त्याच दिवशी परतावा आणि ग्राहकाला फोन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पत्ते. पार्सल परत येण्याची निम्मी बीजे इथेच पेरली जातात, म्हणून यावर पूर्ण दिवस दिला.

नवी मुंबईचा पत्ता सेक्टरने लिहिला जातो, पण सेक्टर ७ वाशीतही आहे, नेरुळमध्येही, ऐरोलीतही, खारघरमध्येही. ग्राहक ‘सेक्टर ७, नवी मुंबई’ एवढेच लिहितो आणि पिनकोड सवयीने ऑफिसचा टाकतो. नियम बसवला: पत्त्यात सेक्टर आहे आणि नोडचे (वाशी, नेरुळ अशा उपनगराचे) नाव नाही, तर पिनकोडवरून नोड सुचवायचा (४००७०३ वाशी, ४००७०६ नेरुळ, ४००७०८ ऐरोली, ४००७०९ कोपरखैरणे, ४१०२१० खारघर) आणि व्हॉट्सअॅपवर ग्राहकाची खात्री घ्यायची. नोड लिहिला आहे पण पिनकोडशी जुळत नाही, तर ऑर्डर थांबवायची. खात्री येईपर्यंत लेबल निघणार नाही.

ठाण्यात अडचण निराळी. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांत इमारतीचे नाव असते, विंगचे नसते. विंग आणि फ्लॅट हे वेबसाइटवर वेगळे, सक्तीचे रकाने केले.

राज्य ठरवण्यातली चूक जास्त महागात पडली असती. पिनकोड ४ने सुरू म्हणजे महाराष्ट्र असा जुना नियम एक्सेलमध्ये होता. ४५ ते ४८ मध्य प्रदेश आहे, ४९ छत्तीसगड. पहिले दोन अंक ४० ते ४४ घेतले तरी ४०३ गोवा आहे. पणजीच्या ऑर्डरला राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागत होता, हवा राज्याबाहेरच्या विक्रीचा आयजीएसटी. आता पिनकोडची संपूर्ण यादीच भरली, अंकांवरून अंदाज बंद.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मराठीत लिहिलेले पत्ते लेबलवर रिकामे चौकोन होऊन छापले जात होते. प्रिंटरच्या आतल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. फॉन्ट भरून पाहिला तर चौकोन गेले, पण जोडाक्षरे तुटली: ‘श्रीकृष्ण’चे ‘श्’ वेगळे, ‘र’ वेगळा, वेलांटी तिसरीकडेच. प्रिंटर अक्षरे एकामागून एक ठेवतो, जोडत नाही. म्हणून पत्त्याचा भाग संगणकावरच चित्र करून प्रिंटरला द्यायचा. बारकोड मात्र प्रिंटरच्याच आज्ञेने छापायचा. चित्र करून छापला की रेघांच्या कडा ठिपक्यांवर नेमक्या बसत नाहीत आणि वाचन बिघडते.

लेबलवरून पारदर्शक टेप मारायची सवय थांबवली. चकाकीने स्कॅनर अडतो आणि टेपच्या गोंदाने थर्मल छपाई काही दिवसांत पुसट होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून मुसळधार. रेड अलर्ट, सीएसएमटी ते ठाणे लोकल बंद, हार्बरवरही तेच. निम्मा स्टाफ पोचू शकला नाही आणि कुरिअरच्या गाड्याही आल्या नाहीत.

सिस्टीममधला एक दोष या पावसाने उघडा पाडला. मॅनिफेस्ट, म्हणजे गाडीत द्यायच्या पार्सलांची यादी, छापली की ऑर्डर ‘रवाना’ होत होती. आज यादी दुपारी ३ला छापली, ग्राहकांना ‘तुमचे पार्सल निघाले’ असा संदेश गेला, आणि पार्सले संध्याकाळी ७ला आमच्याच जमिनीवर थप्पी लावून होती. फोन घेणाऱ्यांना खरे काय ते सांगता येईना.

दोन अवस्था वेगळ्या केल्या: ‘यादीत’ आणि ‘गाडीत’. ‘गाडीत’ ही अवस्था पार्सल दारातून जाताना स्कॅन झाल्यावरच. गाडीवाल्याची सही त्या स्कॅन झालेल्या आकड्यावर, छापील यादीवर नाही. ग्राहकाला संदेश त्यानंतर. हेच तत्त्व मागच्या सगळ्या पायऱ्यांना लावले: वस्तू हलली की स्कॅन, स्कॅन झाला की अवस्था बदलेल. स्क्रीनवरचे ‘पुढे ढकला’ बटण काढून टाकले.

खालच्या थरातले कोरे खोके ओलाव्याने मऊ पडले. पावसाळ्यात खोके जमिनीवर नकोत, लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून वीतभर दूर.

२५ ऑगस्ट, सोमवार

गणपतीआधी फक्त वेबसाइटच्या ऑर्डरींवर सिस्टीम सुरू. बाकी तीन वाटा जुन्या पद्धतीने, पण साठा मात्र चारही वाटांचा नव्या खतावणीतूनच.

माल उचलण्याची पद्धत बदलली. आधी एक माणूस एक ऑर्डर घेऊन पूर्ण गोदाम फिरे. आता ट्रॉलीवर १२ क्रेट, १२ ऑर्डरी एका फेरीत, यादी रॅकच्या क्रमाने. पहिली ओळ चढत्या क्रमाने, दुसरी उतरत्या, म्हणजे ट्रॉली नागमोडी जाते, मागे फिरत नाही. एकाच वस्तूच्या ऑर्डरी मात्र या ट्रॉलीवर घ्यायच्याच नाहीत. त्यांचे ४० नग एकदम उचलून थेट टेबलावर न्यायचे आणि स्कॅन करताच लेबल निघेल.

क्रेटमध्ये टाकताना दोन स्कॅन, वस्तूचा आणि क्रेटचा. क्रेटचा स्कॅन वेळखाऊ म्हणून गाळून पाहिला आणि तासाभरात दोन ऑर्डरींचा माल अदलाबदल झाला. परत सुरू केला.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल जीएसटी कौन्सिलच्या ५६व्या बैठकीत दर बदलले, लागू २२ सप्टेंबरपासून. आपल्याकडे बदाम, पिस्ता, अंजीर, खजूर, तूप आणि पाकीटबंद नमकीन १२वरून ५ टक्क्यांवर. काजू व मनुका आधीपासून ५वर.

जीएसटी दर मालाच्या यादीत एकच आकडा म्हणून ठेवला होता. तो २२ला बदलला तर २२च्या आधीची बिले पुन्हा छापताना नव्या दराने छापली जातील. म्हणून दर आता तारखेसह: ‘अमुक तारखेपासून अमुक दर’. जुनी ओळ पुसायची नाही, खाली नवी जोडायची.

११ सप्टेंबर, गुरुवार

भेटीचे डबे. ‘दिवाळी डबा मोठा’ ही स्वतंत्र वस्तू नाही, ती घटकांची बेरीज आहे: चकली १, शेव १, चिवडा २, बदाम १, खोका १. डबे किती विकता येतील? प्रत्येक घटकाची शिल्लक भागिले लागणारे नग, पूर्णांक घ्यायचा आणि त्यातला सर्वात लहान. चिवडा ६१ असेल तर त्यातून ३० डबे, बाकी काहीही असो. खोकाही घटक म्हणून मोजायचा. बहुतेकांचा तोच राहतो आणि दिवाळीच्या आठवड्यात माल आहे, खोके नाहीत अशी वेळ येते.

सुटी चकली विकली गेली की डब्यांचा आकडाही त्याच क्षणी उतरला पाहिजे. ही साखळी नसल्यानेच गेल्या दिवाळीत डबे जास्त विकले गेले होते.

मुदत. आधी संपणारे आधी बाहेर, हा नियम बॅचवार. एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितले की पोचताना पदार्थाची ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत शिल्लक असावी. आपण सगळीकडे ३० टक्के धरले. चकली ६० दिवसांची, म्हणजे पोचताना १८ दिवस हवेत. लांबच्या पिनकोडला ६ दिवस लागतात, म्हणून निघताना २४. तीच बॅच ठाण्याला २ दिवसांत पोचते, तिथे २० पुरतात. पिनकोडनुसार बॅच निवडल्याने २० ते २३ दिवस उरलेला माल आता जवळच्या ऑर्डरींना जातो, फेकला जात नाही.

२१ सप्टेंबर, रविवार, रात्री

उद्या घटस्थापना आणि नवे दर. आज रात्रीची तयारी तीन मुद्द्यांवर.

बिल कधी निघते. ऑर्डर येताच बिल काढायची जुनी सवय आज अडचणीची. २१ला काढलेले सीओडीचे (माल पोचल्यावर पैसे) बिल, माल २२ला निघणार, पैसे २५ला येणार. दर बदलल्यानंतर माल गेला आणि पैसेही नंतर आले, तर दर नवा लागतो. बिलावर मात्र जुना छापलेला. म्हणून बिल फक्त पॅकिंग टेबलावर, वजन झाल्यावर. आज संध्याकाळी बिल निघून गाडीत न गेलेली सगळी पार्सले शोधून बिले रद्द केली, उद्या नव्याने काढायची.

घड्याळ. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, आपल्या साडेपाच तास मागे. मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंतची बिले सर्व्हरच्या लेखी २१ तारखेचीच, म्हणजे जुना दर. बिलाची तारीख भारतीय वेळेने काढायची दुरुस्ती केली आणि चाचणीच्या प्रतीवर घड्याळ पुढे नेऊन पाहिले: १२ वाजून १ मिनिटाचे बिल ५ टक्क्यांनी आले.

किंमत. करासह ५६० रुपयांच्या बदामात मूळ किंमत ५०० आणि कर ६०. नव्या दराने ५२५. किंमत ५६०च ठेवून कर कमी दाखवला तर मूळ किंमत गुपचूप वाढते. तसे करायचे नाही, चारही वाटांवर ५२५ चढवली. ज्यांनी आगाऊ पैसे भरले आणि माल उद्या जाईल त्यांना फरक परत.

२२ सप्टेंबर, सोमवार

दर नीट लागले. एक गोष्ट सुटली होती: बिल क्रमांक. नवीन मालिकेत गोदाम, चॅनल, आर्थिक वर्ष आणि अनुक्रमांक जोडल्यावर १९ अक्षरे झाली, नियमाने १६पेक्षा जास्त चालत नाहीत. चॅनल काढला, १४वर आणले. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे ना, तेही तपासले.

जुनी एमआरपी छापलेली पाकिटे रॅकवर आहेत. सुधारित एमआरपीचा स्टिकर लावताना जुनी छपाई झाकायची नाही. एका वस्तूच्या दोन एमआरपी आता बॅचवार ठेवल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

कुरिअरचे बिल अपेक्षेपेक्षा जास्त आले. भेटीच्या डब्याला यादीत १.३१ किलो, त्यांच्याकडे २ किलोचा टप्पा.

कारण सापडले. आकारमानी वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी × रुंदी × उंची भागिले ५०००. यादीत खोक्याचे माप ३० × २३ × ९.५, त्याचे १.३१. पण खोकेवाला आतले माप सांगतो. थ्री-प्लाय पुठ्ठा सुमारे ३ मिमी, बाजूंना ६ मिमी वाढतात. वर-खाली झडपा एकावर एक दुमडतात, म्हणून उंचीत १२ मिमी. बाहेरून ३०.६ × २३.६ × १०.७, म्हणजे १.५५. दीड किलोची रेघ ओलांडली की पुढचा टप्पा २चा. आत वर दीड सेंटिमीटर मोकळी जागा होती, ती कागदाने भरत होतो. उंची १ सेंटिमीटरने कमी करून नवे खोके मागवले: १.४०. डब्यामागे अर्ध्या किलोचे भाडे वाचले आणि भरायचा कागदही.

यादीतली सगळी खोकी बाहेरून टेपने मोजून पुन्हा भरली. टेबलावर वजनकाट्यासमोर पार्सलचा फोटो निघतो, वाद झाला तर तो दाखवता येतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीचे गणित. १,५०० ऑर्डरी एका दिवसात, गाड्या संध्याकाळी साडेपाचला. एका पार्सलला ७५ सेकंद: खोका घडवणे १५, भरणे २५, स्कॅन-वजन १०, लेबलची वाट १२, टेप १३. टेबलाला तासाला ४८, चार टेबलांना १९२. सकाळी ९ ते साडेपाच, अर्धा तास जेवण वजा करता ८ तास, १,५३६ पार्सले. कागदावर बसते, पण हाताशी जेमतेम ३६ची सूट, आणि एक प्रिंटर अर्धा तास बंद पडला की त्यातली दोन डझन गेली.

लेबलच्या १२ सेकंदांतले ९ कुरिअरच्या सर्व्हरकडून क्रमांक मागण्यात जातात. ते क्रमांक आता नग राखतानाच घाऊक मागून ठेवले. ६६ सेकंद, तासाला चार टेबलांवर २१८, सुमारे सात तासांत काम आटोपते. ऑर्डर रद्द झाली तर तो क्रमांक कुरिअरकडेही रद्द करायचा, हे त्याच कामाचा भाग.

वजनाची तपासणी: अपेक्षित वजनापेक्षा ३ टक्के किंवा १५ ग्रॅम, जे मोठे असेल तेवढी सूट. २५० ऐवजी ५०० ग्रॅमचे पाकीट गेले तर लगेच पकडले जाते. लसूण शेवेऐवजी तिखट शेव गेली तर वजन सारखेच, तिथे स्कॅनच कामाचा. म्हणून घाईच्या दिवशीही ‘चार सारखी आहेत, एक स्कॅन करून चार लिहा’ ही सवलत नाही. प्रत्येक नग स्कॅन.

वेबसाइटवर पिनकोड टाकताच ‘दिवाळीआधी पोचेल’ किंवा ‘पोचणार नाही’ असे स्पष्ट दिसते. लक्ष्मीपूजन २१ला. ठाणे, नवी मुंबई, मुंबईसाठी शेवटची ऑर्डर १६, उर्वरित महाराष्ट्र १३, बाहेर १०.

कंपन्यांच्या घाऊक मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा दाखला): राज्यात १ लाखाच्या वर, राज्याबाहेर ५० हजारांच्या वर. रक्कम ओलांडली की क्रमांकाशिवाय ‘गाडीत’चा स्कॅन स्वीकारला जात नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वसुबारस. दुपारी इंटरनेट २५ मिनिटे गेले. राखीव मोबाइल लाइनवर गेलो, टेबले थांबली नाहीत, कारण लेबले आधीच गोदामातल्या संगणकावर उतरवलेली होती. खतावणी आणि रॅक यांचा रोजचा नमुना-पडताळा, २० खण: सगळे जुळले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

परत आलेली पार्सले. कुरिअरने ‘परत दिले’ म्हटले म्हणून साठा वाढवायचा नाही. दारात स्कॅन, उघडणे, पाहणे, मग निर्णय: पुन्हा विक्रीला, बाजूला की नष्ट. खाद्यपदार्थाचे सील तुटले असेल तर नष्टच. सील शाबूत असले तरी प्रवासात दिवस गेलेले असतात. चकलीची मुदत पुन्हा मोजली की बहुतेक वेळा ती जवळच्या पिनकोडलाच जाऊ शकते.

क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा करणारा कागद) मूळ बिलाच्या दराने. १८ सप्टेंबरला १२ टक्क्यांनी गेलेला बदाम ऑक्टोबरात परत आला तरी नोट १२ टक्क्यांचीच. तारखेसह ठेवलेल्या दरांमुळे हे आपोआप झाले.

सीओडी परत येण्याची कारणे कुरिअरच्या नोंदीत ‘ग्राहक उपलब्ध नाही’ एवढीच असतात. पहिला प्रयत्न फसला की दोन तासांत ग्राहकाला व्हॉट्सअॅप: उद्या, परवा की पत्ता बदलायचा? उत्तर थेट कुरिअरच्या सिस्टीममध्ये जाते. फोन करणाऱ्या ताई आता फक्त उत्तर न आलेल्यांकडे लक्ष देतात. तक्रारींसाठी वेगळी रांग आहे. नियमाने ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण हवे, घड्याळ तक्रार आल्याच्या क्षणापासून चालते.

३ नोव्हेंबर, सोमवार

मार्केटप्लेसचे हिशेब जुळवायला घेतले. येणाऱ्या रकमेतून कमिशन, भाडे, अर्धा टक्का टीसीएस (मार्केटप्लेस आधीच कापून घेतो तो जीएसटी) आणि परताव्याची वजावट जाते, म्हणून एकूण रकमेचा ताळा करून उपयोग नाही. प्रत्येक ऑर्डर क्रमांकापुढे आलेली रक्कम मांडायची. तीन प्रकार वेगळे निघाले: पोचले पण पैसे नाहीत, परत आले म्हणून पैसे कापले पण पार्सल दारात स्कॅन झालेले नाही, वजनाचा फरक लावला पण फोटोत काटा वेगळे दाखवतो. दुसऱ्या प्रकाराचा दावा करायला मुदत असते, म्हणून ती यादी रोज सकाळी निघेल.

राहिलेली कामे: बचत गटांची आवक अजून कागदी चलनावर आहे, बॅच क्रमांक इथे आल्यावर हाताने टाइप होतो. पाकिटावरच बॅच आणि मुदत असलेला क्यूआर कोड छापून द्यायचा, त्यासाठी ठाण्यात एक लहान प्रिंटर ठेवणे. दोन खणांत आजही फरक दिसला, ०५१०२ आणि ०५१०३. शेजारचे खण, दोन्हीकडे हिरवी वेलची, पाकिटे १०० आणि ५० ग्रॅमची. मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत उद्या.